धुक्याआडचे गाव

कॅनडाच्या उत्तरेकडील येलोनाइफ आणि फोर्ट सिम्प्सन ही दोन गावे नकाशावर शेजारी भासतात. हवाई अंतर सुमारे 360 किलोमीटर. लहान विमानाला तास-सव्वा तास पुरतो. रस्त्याने मात्र सहाशेहून अधिक किलोमीटरचा वळसा पडतो आणि वाटेत लिआर्ड नदी आडवी येते. उन्हाळ्यात फेरीबोट चालते, कडक हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून मोटारी धावतात. परंतु बर्फ धरण्याच्या व फुटण्याच्या दिवसांत दोन्ही बंद. मग गावाला आकाशाचाच आधार! आणि आकाशावरही कधी धुक्याची सत्ता चालते.

18 सप्टेंबर 1984 रोजी तसेच घडले. पोप जॉन पॉल दुसरे फोर्ट सिम्प्सनला येणार म्हणून देने, मेटी व इनुइट समाजांचे हजारो लोक दूरदूरच्या वस्त्यांतून तेथे जमले होते. दाट धुक्यामुळे विमान उतरू शकले नाही. ते येलोनाइफला न्यावे लागले. तेथून पोपमहोदयांनी नभोवाणी व दूरचित्रवाणीवरून संदेश दिला. आदिवासींच्या स्वशासनाच्या व जमिनीच्या हक्काचा त्यांनी त्यात पुरस्कार केला. शब्द पोहोचले, माणूस पोहोचला नाही. पुन्हा येण्याचे वचन मात्र त्यांनी दिले.

मध्यंतरी, फेब्रुवारी 1986 मध्ये, ते आपल्या मुंबईत आले. ज्यांनी त्यांना त्या वेळी पाहिले, त्यांना फोर्ट सिम्प्सनच्या लोकांची निराशा समजावून सांगावी लागणार नाही. 20 सप्टेंबर 1987 रोजी, अमेरिकेचा दीर्घ दौरा आटोपून, ते त्या लहानशा गावी गेले. तासाभराची वाट तीन वर्षांनी पुरी झाली.

मला या घटनेत मोठेपणा वाटतो तो प्रवासाचा नव्हे, आठवणीचा. ज्याच्या भेटीसाठी राष्ट्रप्रमुख तिष्ठतात, त्याने नदीकाठच्या मूठभर वस्तीला दिलेला शब्द विसरला असता, तरी जगाने दोष दिला नसता.

परंतु याच भूमीत दुसरेही एक अंतर होते. सरकारने उभारलेल्या आणि बहुतांशी ख्रिस्ती संस्थांनी चालविलेल्या निवासी शाळांत आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडले गेले. त्यांची भाषा हिरावली गेली. फोर्ट सिम्प्सनही त्याला अपवाद नव्हते. त्या जखमेसाठी पोप फ्रान्सिस यांनी जुलै 2022 मध्ये कॅनडाच्या भूमीवर जाऊन क्षमा मागितली. तोवर कित्येक वृद्ध वाट पाहून निघून गेले होते. हे अंतर कोणत्याही धुक्याने वाढविलेले नव्हते. म्हणूनच ते अधिक बोचते.

आपल्याही धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेले कोणी असते, रुसलेला भाऊ असतो. त्यांच्या दारापर्यंतची वाट चार पावलांची असते. “येतो हं” एवढे म्हटलेले असते. तो शब्द त्यांच्या स्मरणात असतो; आपल्याही असावा.