शंभर शब्दांत मावतं तेवढं

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. आषाढात लागला की चार-चार दिवस उसंत देत नाही. अशा दिवसांत माणसानं जाडजूड कादंबरीला हात घालावा. मला मात्र गोष्ट आखूडच सुचते. वीज येते-जाते, फोनची बॅटरी उतरत असते, आणि तेवढ्या अवधीत जे टाइप होईल ते आपलं. पण खरं कारण इथल्या बोलण्यात असावं. पडवीत बसलेला म्हातारा शेजारच्या घरातला तीन पिढ्यांचा वाटणीचा दावा एका तिरक्या वाक्यात उरकतो आणि अडकित्त्यानं सुपारी कातरायला घेतो. पुढं काही विचारायचं नसतं.

अति लघु कथा म्हणजे अलक आणि मोजून शंभर शब्दांची शतशब्दकथा म्हणजे शशक. ही नावं आंतरजालावरच वाढली. मिसळपाव या संकेतस्थळावर शशकांच्या स्पर्धा रंगल्या. शंभर म्हणजे शंभर, एकशे एक चालत नाही. मराठीत प्रत्यय नि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटत असल्यामुळं आपल्याला तशी जागा बरी मिळते. तरीही अडलेला लेखक दोन शब्द जोडून एक करतो आणि संपादक ते बरोब्बर पकडतो. इंग्रजीत २००३ पासून 'स्मोकलाँग क्वार्टरली' नावाचं त्रैमासिक निघतं: एक सिगारेट ओढून होईस्तोवर वाचून व्हावी एवढी गोष्ट. आमच्याकडं हे माप पानाच्या तोबऱ्यात सांगावं लागेल.

प्रकार नवा नाही. शिरोडं रत्नागिरी जिल्ह्यात होतं तेव्हा, १९२० ते १९३८, वि. स. खांडेकर तिथं शिक्षक होते. मराठीत रूपककथा रुजवली त्यांनीच. मला त्या कथा जरा गोड लागतात. फुलं बोलतात, दगड बोलतात आणि जाताना हातावर बोधाचा प्रसाद ठेवून जातात. उर्दू कथाकार मंटोनं १९४८ साली 'सियाह हाशिये'मध्ये फाळणीच्या दंग्यांवर चार-चार ओळींच्या गोष्टी लिहिल्या, त्यांत असला प्रसाद नाही. पोलिसांच्या पंचनाम्यासारखा कोरडा मजकूर, आणि वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा. आजच्या बऱ्याच अलकांना शेवटच्या वाक्यातल्या धक्क्याचं व्यसन लागलंय. बोलणारी बायको फोटोतली निघते, वाट पाहणारी आई वृद्धाश्रमातली. दुसऱ्यांदा वाचायला जावं तर आत कुणी नसतं.

माझी एक गोष्ट एका छोट्या ऑनलाइन अंकानं घेतली होती. बाप मुंबईतल्या मुलासाठी हापूसची पेटी भरतोय: पेंढा, फळ, पुन्हा पेंढा. मुलाचा फोन येतो, पाठवू नका, इथं वाशीचाच माल दारात येतो. बाप पेटीला खिळे मारत राहतो. एवढंच. त्यानंतर माझं एक वाक्य होतं, झाडाला कुठं ठाऊक असतं त्याचं फळ कुठं जातं, असं काहीसं. अंकाच्या संपादक बाई दिवसा नोकरी करतात आणि रात्री आमच्यासारख्यांचे मजकूर तपासतात; मानधन देणं परवडत नाही, सर्व्हरचं भाडं पदरचं भरतात. रात्री पावणेबाराला त्यांचा निरोप आला: शेवटचं वाक्य काढलंत तर? मी हटून बसलो. कुण्या बड्या मासिकानं मला विचारलंही नसतं. इथं एका वाक्यासाठी आमची आठवडाभर हुज्जत चालली, आणि खोटं कशाला बोलू, तो आठवडा मला गोष्ट छापून येण्यापेक्षा जास्त आवडला.

शेवटी वाक्य राहिलं. मग झालं असं की लोकांनी नेमकं तेवढंच उचललं. गोष्ट गेली, बाप गेला, खिळे गेले. वाक्य उगवत्या सूर्याच्या चित्रावर चढून, माझं नाव गाळून, या फोनवरून त्या फोनवर फिरू लागलं. महिन्याभरानं मावशीनं ते मलाच पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'बघ, असं लिहायला शीक.'

नावाचं एवढं काही नाही. पण गोष्ट राहणार कुठं, हा विचार मनातून जात नाही. आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळं ओलांडलं की मालगुंड लागतं, केशवसुतांचं गाव. चौदा ओळींचं सुनीत मराठीत आणणाऱ्या या माणसाचा हयातीत एकही संग्रह निघाला नाही. कविता होत्या त्या नियतकालिकांत विखुरलेल्या. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस 'काव्यरत्नावली' हे निव्वळ कवितांचं मासिक काढत, त्यात काही, इतरत्र काही. १९०५ साली हुबळीला प्लेगनं केशवसुत गेले. पुढं १९१७मध्ये हरि नारायण आपट्यांनी त्यांच्या कविता पुस्तकरूपानं छापल्या. मधली बारा वर्षं त्या कवितांना आधार होता तो जुन्या अंकांचा, वह्यांचा नि वाचणाऱ्यांच्या आठवणीचा. कागद पिवळा पडतो, वाळवी लागते, तरी कुठल्यातरी माळ्यावर एखादी प्रत तग धरते.

ऑनलाइन अंकाचं तसं नाही. वर्षाचे पैसे भरायचे राहिले की अंक, त्यातल्या गोष्टी, खालचे चार अभिप्राय, सगळं एका रात्रीत नाहीसं. माझ्या दोन गोष्टी ज्या पत्त्यावर होत्या तिथं आता बुटांची जाहिरात दिसते. आपटे आले तरी शोधणार कुठं? म्हणून संपादक बाईंना म्हटलं, निदान पीडीएफ करून रत्नागिरीच्या नगर वाचनालयाला एक छापील प्रत देऊ. त्या म्हणाल्या, छपाईचा खर्च कोण करणार, आणि ग्रंथपालांनी ती ठेवायची कुठल्या कपाटात? मी निम्मा खर्च देतो म्हटल्यावर जरा नरमल्या. कपाटाचं अजून ठरलेलं नाही.

परवा पुन्हा निरोप आला: दिवाळी अंक करतेय, या वेळी मर्यादा पन्नास शब्दांची. मी विचारलं, शीर्षक त्यात धरायचं का?

धरायचं, म्हणाल्या.