खर्जाचा सूर

उंच आवाजाचे कौतुक आपल्याकडे जरा जास्तच. आरती असो की नाट्यगीत, जो वर चढला तो जिंकला! खर्ज म्हणजे गवयाने पहाटे एकट्याने घासायची गोष्ट. आम्ही मुरुडकर तर बोलतोही टिपेत; समुद्राच्या गाजेपुढे दुसरा इलाज काय?

म्हणूनच चेलोची ओळख मला उशिरा झाली. व्हायोलिनचा हा थोरला भाऊ. अंगाने एवढा, की वादक खुर्चीवर बसून त्याला गुडघ्यांत धरतो. मेहली मेहतांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोव्याच्या वादकांनी पाश्चात्त्य वाद्ये हिंदी चित्रपटांत रुजवली. तेव्हा चेलो आपण सर्वांनी ऐकलेला असतो. फक्त त्याचे नाव विचारलेले नसते.

माझ्या भाच्याने मला मोबाइलवर ब्राह्म्सचा चेलो आणि पियानोसाठीचा पहिला सोनाटा ऐकवला. १८६२ ते १८६५ या काळात लिहिलेला. सुरुवातीलाच चेलो अगदी खालच्या तारेवर बोलू लागतो. पियानोने मनात आणले, तर तो त्याला सहज बुडवील. पण तो हलकेच, मात्रा चुकवून सूर टाकीत राहतो. चेलोचे म्हणणे पुरे होऊ देतो आणि मग तेच आपल्या परीने म्हणतो. ही नुसती साथ नव्हे. दोघांचा मान सारखा. गंमत अशी, की एकदा खुद्द ब्राह्म्सच पियानो इतका बडवू लागला, की चेलोवाल्याने आपलेच वादन ऐकू येत नसल्याची तक्रार केली. त्यावर, तू भाग्यवान आहेस, असे ब्राह्म्स म्हणाल्याची आख्यायिका आहे!

शोपँची गोष्ट याहून हळवी. जन्मभर त्याने बहुतेक सारे एकट्या पियानोसाठी लिहिले. प्रकृती खालावली असता मात्र त्याने फ्रांशोम या चेलोवादक मित्रासाठी सोनाटा रचला. १८४८ च्या फेब्रुवारीत, पॅरिसमधल्या आपल्या अखेरच्या मैफलीत, त्यातले तीन भाग त्याने मित्रासह वाजवले. पुढल्याच वर्षी तो गेला. आयुष्यभर एकट्याने बोललेल्या माणसाला शेवटी जोडीने बोलावेसे वाटले.

हे सारे मला एवढे का लागले, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या हिच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण भजनात काळी चारला लीलया लागणारा आवाज खाली बसला, घोगरा झाला. ती भजनाला जाईनाशी झाली. येणारीजाणारी माणसे दयेने तिची वाक्ये पुरी करीत. तीही मग अर्ध्यावरच थांबे.

त्या दिवशी ती तांदूळ निवडत होती. सोनाटा सुरू झाला आणि तिचा हात थांबला. थोड्या वेळाने म्हणाली, "हा खालूनच गातो की! आणि दुसरा थांबतो त्याच्यासाठी."

ते वाक्य तिने पुरे केले. मी मध्ये बोललो नाही.

गेल्या गुरुवारी पेटीवाल्या काकांनी पट्टी चांगली तीन सूर उतरवली. बायका कुरकुरल्या, की एवढ्या खाली आमचा आवाजच लागत नाही! काका पट्टी सोडीनात. दुसऱ्या अभंगाला हिने तोंड उघडले.