साच्यातली काच

मालवणात फायबरची होडी करून घ्यायला येणारा मच्छीमार हटकून सांगतो, ‘रेझिन भरपूर लाव मां, होडी घट जातली.’ होतं उलटंच. पॉलिएस्टर रेझिन सेट झालं की कडक होतं, पण ठिसूळ. खडकाचा मार सोसते ती आतली काच, केसाहून बारीक तंतूंची. या तंतूंची चटईसारखी मॅट मिळते; 450 ग्रॅमची मॅट म्हणजे चौरस मीटरला तेवढी काच. तिला किलोभर रेझिन पुरतं आणि थर होतो जेमतेम मिलिमीटरभर. त्याहून जास्त ओतलेलं रेझिन म्हणजे नुसतं वजन.

होडीच्या साच्याला वॅक्स, त्यावर जेलकोट म्हणजे होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर, मग मॅट. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट ढवळायचा, नंतर हार्डनर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. रेझिन मुरलं की पांढरी मॅट पारदर्शक होते. जिथं पांढरं राहिलं तिथं हवा अडकली. रोलर फिरवून ती बाहेर काढायची. डोळ्यांना दिसणारी ही एवढीच परीक्षा असते.

रेझिनमध्ये खडूची पावडर घातली की ही परीक्षाही जाते. रेझिन दाट होतं, मॅटमध्ये नीट शिरत नाही आणि बुडबुडे झाकले जातात. पावडर वाईट नव्हे. तिने आकसणं कमी होतं, कोपऱ्यातल्या पुट्टीला ती लागतेच. पण कणाला लांबी नाही, तो ओढ कशी सोसणार? नायलॉनच्या मोल्डिंगमध्येही ताकदीसाठी काचतंतूच घालतात, बऱ्याचदा 30 टक्के. तिथं मात्र तंतू प्लास्टिकच्या प्रवाहाच्या दिशेने झोपतात आणि भाग आडवा कमजोर राहतो. मॅटमधले तंतू चहूकडे पसरलेले, म्हणून होडीला ही खोड नाही.

खरी पंचाईत पावसाची. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तेव्हाच सगळ्यांना दुरुस्ती हवी आणि तेव्हाच हवा ओली. दमट मॅटला रेझिन नीट धरत नाही. मी अशा वेळी काम थांबवतो, शिव्या खातो.

होडी घेताना काठ कापून उरलेला तुकडा मागून घ्या. मोकळ्यावर, धुरापासून लांब राहून तो जाळा. रेझिन जळून जाईल, काचेचे थर उरतील. ते मोजा. पावडर जास्त झडली, तर पैसे देण्याआधी कारागिराला जाब विचारा.