ज्याच्या त्याच्या इंजिनाप्रमाणे



जुन्या गाडीचे इंजिन बदलले की पुढचा प्रश्न कार्बुरेटरचा. बेळगावातील आमच्या धर्मग्रामातल्या एका तरुणापुढे तो उभा राहिला. त्याच्या दिवंगत वडिलांची 1978 सालची ॲम्बॅसेडर आहे. तिचे 1489 सीसीचे मूळ इंजिन दुरुस्तीपलीकडे गेले, म्हणून त्याने पुढे ॲम्बॅसेडरमध्येच येऊ लागलेले 1817 सीसीचे इसुझू इंजिन मिळवले.

वडील दर शनिवारी साफ करीत तोच कार्बुरेटर नव्या इंजिनावर बसवायचा, असे त्याच्या मनात होते. मित्र म्हणत, शर्यतीच्या गाड्यांना असतात तसे दोन मोठे वेबर लाव.

उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी दोन्हींना नकार देऊन हिशेब मांडला. अशा इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो. सिलिंडर 80 टक्के भरतात असे धरले, तर मिनिटाला 5000 फेऱ्यांवर नव्या इंजिनाला सुमारे 3600 लिटर हवा लागते, जुन्याला सुमारे 3000. जुन्या कार्बुरेटरची वाट अरुंद, जेटही जुन्याच मापाचे. वेगात नवे इंजिन गुदमरेल. वाट फार रुंद केली, तर हळू चालताना हवेला जोर राहत नाही, पेट्रोलचे बारीक तुषार होत नाहीत आणि गाडी आचके खाते.

त्यांनी दोन नळ्यांचा 32/36 वेबर सुचवला. एक नळी 32 मिलिमीटरची, दुसरी 36 ची. साध्या चालीत पहिलीच उघडते. पेडल बरेच दाबले की दुसरी उघडू लागते. शिवाय बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर, हवा जरा विरळ. त्याप्रमाणे जेट जुळवायचे.

हे ऐकताना मला मत्तयाच्या 25 व्या अध्यायातला तीन दासांचा दाखला आठवला. धन्याने प्रत्येकाचा आवाका पाहून कुणाला पाच, कुणाला दोन, कुणाला एक वाटा दिला. पाचाचे दहा करणारा आणि दोनाचे चार करणारा, दोघांनाही त्याने एकाच शब्दांत शाबासकी दिली. तिसऱ्याला बोल लागला तो वाटा पुरून ठेवल्याबद्दल. थोडक्यात विश्वासू राहिलेल्यांवर धन्याने पुढे अधिक सोपवले. दुसरी नळीही अशीच मागाहून उघडते.

या मुलाचे वडील गायनवृंद सांभाळत, आजाऱ्यांना भेटत, मिस्सात वाचन करीत. दफनविधीनंतर जो तो त्याला म्हणू लागला, “आता वडिलांची जागा तुझी.” प्रेमानेच म्हणत, पण ते ओझे त्याला पेलेना. काही महिने तो शेवटच्या बाकावर बसे आणि शेवटच्या आशीर्वादाआधीच निघून जाई. आम्हाला वाटले, हा मुलगा चर्चपासून दुरावला.

मिस्त्रींकडून परतताना तो एवढेच म्हणाला, “फादरना सांगा, मी रविवारचे पहिले वाचन करीन. तूर्त तेवढेच.” वडिलांचा कार्बुरेटर त्याने धुऊनपुसून घरातल्या वेदीशेजारी ठेवला आहे.

आपल्या घरात, मंडळीत कुणी नुकतेच आईवडिलांना गमावले असेल, तर त्याच्या हाती काय सोपवायचे याचा आधी विचार करू या.

हे प्रभो, तू आमचा आवाका जाणतोस. दिलेले पुरून न ठेवण्याचे बळ आम्हांला दे, आणि दुसऱ्यावर त्याच्या शक्तीपलीकडचा भार न टाकण्याची सद्बुद्धी दे. आमेन.