माडग्याळची मेंढी

बिनलोकरीची मेंढी म्हटलं की शहरातल्या माणसाला वाटतं, ती बोडकी दिसत असणार. आमच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात माडग्याळ गाव आहे. त्या गावाच्या नावानं ओळखली जाणारी मेंढी एकदा बघावी. अंगावर आखूड, राठ केस. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं. पाय लांब, मान उंच, कान लोंबते आणि नाक राघूच्या चोचीगत बाकदार. शिंगं ना मेंढीला, ना मेंढ्याला.

वडिलांच्या काळी आमच्या वाड्यात सगळी काळी दख्खनी मेंढरं होती. वर्षातनं दोनदा कातरण व्हायची. लोकर सनगराकडं जायची, तिची घोंगडी व्हायची. पुढं लोकरीला गिऱ्हाईक राहिलं नाही. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा निघंना. न कातरावं तर लोकरीत कुसळं अडकायची, गोचीड दडायची, पावसात भिजलेलं मेंढरू लवकर वाळायचं नाही. माडग्याळच्या मेंढीला ही कटकट नाही. शिवाय अंगानं थोराड, कोकरू झपाट्यानं वाढतं, खाटकाकडं वजन भरतं. म्हणून आम्ही हिच्याकडं वळलो.

पण बाजारानं हिचं नाकच धरलं. नाक जितकं बाकदार तितका मेंढ्याचा भाव. आटपाडीच्या बाजारात अशा मेंढ्यांच्या लाखांच्या गोष्टी चालतात. हौसेला मोल नसतं, हे मला कळतं. पण नाक काही कोकराला दूध पाजत नाही. मेंढी पाच महिने गाभण राहते आणि बहुतेक वेळा एकच कोकरू देते. ते जगलं तर मेंढक्याचं वर्ष तरलं.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला. त्यांनी नाक बघितलं नाही, कूस बघितली. आमचे वडील शाळेत गेले नव्हते, पण पैदाशीचा मेंढा निवडताना तेही आधी त्याची आई बघायचे. कास कशी, चालीला कशी, उन्हाळ्यात वाळल्या पाल्यावर अंग धरते का, पहिलं कोकरू तिनं जगवलं का. मेंढ्याचं तोंड सगळ्यात शेवटी.

लोकरीचं गिऱ्हाईक आमच्या डोळ्यांदेखत गेलं. नाकाची हौसही अशीच कधीतरी जाईल. त्या दिवशी वाड्यात दुधाळ, काटक मेंढ्या असतील का नुसती नाकं, हे आज आपण कळपात कोणता मेंढा सोडतो त्यावर ठरणार आहे.