बाराची घंटा

संकटात सापडलेल्या माणसाला धीर देणे हे धर्मगुरूचे नित्याचे काम. गेली अनेक वर्षे आम्ही ते करीत आलो आहोत. परंतु धीराचे शब्द दुसऱ्याला देणे आणि ते स्वतःच्या गळी उतरणे यांत केवढे अंतर असते, हे आम्हांस २०२० च्या उन्हाळ्यात उमगले.

त्या वर्षी मार्चअखेर टाळेबंदी लागू झाली. ख्रिस्तमंदिराची दारे मिटली. अंत्यविधीला वीसांहून अधिक माणसे नकोत, असा नियम झाला. आमच्या वसईत मयताला सारा गाव लोटतो. तेथे घरची माणसेही मोजून घ्यावी लागत. पहिले काही दिवस आम्ही रिकाम्या बाकांसमोर मिस्सा अर्पण केली. पुढे मन विटले. उशिरा उठावे, फोन वाजला तर वाजू द्यावा, जपमाळ हाती घ्यावी आणि अर्ध्यावर ठेवून द्यावी, असे चालले. घंटा वाजविणारा सेवक येऊ शकत नव्हता. तेव्हा देवदूताच्या प्रार्थनेसाठी सकाळ, दुपार, संध्याकाळ होणारा घंटानादही आम्ही बंद पडू दिला. ऐकून येणार कोण, अशी स्वतःची समजूत घातली.

एके सकाळी फाटकाशी एक वृद्ध बाई आल्या. तोंडाला पदर, हाती केळीच्या पानात बांधलेला मोगरा. पहाटे कळ्या खुडायच्या आणि लोकलने दादरच्या फुलबाजारात धाडायच्या, हा त्यांच्या घरचा जन्माचा क्रम. आता लोकल नव्हती, बाजार नव्हता. आणि पंधरा दिवसांपूर्वीच त्यांच्या पतीला आम्ही मूठभर माणसांत माती दिली होती.

“विकायची नाहीत, तर फुले खुडता कशाला?” आम्ही विचारले.

“खुडली नाहीत तर दिवस कुठून सुरू करू, फादर? चार गजरे करते. एक नाक्यावरच्या क्रूसाला, एक ह्यांच्या फोटोला, बाकीचे शेजारी.” जराशाने त्या म्हणाल्या, “घंटा का हो बंद केली? बाराची वाजली की मी जेवायला बसायचे. हल्ली जेवायची आठवणच राहत नाही.”

आम्ही निरुत्तर झालो. त्या दुपारी स्वतः दोर ओढला. सवय नव्हती, टोले वेडेवाकडे पडले.

त्या रात्री व्हिएतनामचे आर्चबिशप व्हान थुआन यांचे स्मरण झाले. १९७५ साली त्यांना अटक झाली. तेरा वर्षे बंदिवास, त्यांतली नऊ एकांतवासात. सुटकेची वाट पाहत बसायचे नाही, हाती आलेला क्षण प्रेमाने भरायचा, असे त्यांनी ठरविले. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ते आपल्या लोकांसाठी लिहीत. पोटदुखीचे औषध म्हणून आलेल्या द्राक्षारसाचे तीन थेंब व पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. आमच्यापाशी तर अख्खे मंदिर होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घंटेला एकेक काम जोडले. सकाळच्या घंटेनंतर अंगण झाडणे. दुपारच्या घंटेनंतर पाच घरी फोन. उपदेश नाही, केवळ ‘जेवलात का?’ अशी चौकशी. संध्याकाळच्या घंटेनंतर दिवसभरातील एक चांगली गोष्ट वहीत टिपणे. दुःख त्याने सरले नाही. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही आम्ही अनेकांना निरोप दिला. काही संध्याकाळी वही कोरीच राहिली. परंतु दुसरा दिवस कोठून सुरू करावा, हा प्रश्न उरला नाही.

टाळेबंदी गेली; संकटे जात नाहीत. कुणाच्या घरी दुखणे असते, कुणाची नोकरी सुटते, कुणाचे मूल दुरावते. धीर कोठून आणू, असे कुणी विचारले तर आम्ही आता लांबलचक प्रवचन करीत नाही. ठरल्या वेळी, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल असे एक लहानसे काम धरा, एवढेच सांगतो. आपल्या हातच्या दोराशी कुणाचा घास बांधलेला आहे, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते.

घंटेचा दोर आता पुन्हा सेवकाच्या हाती आहे. आठवड्यातून एकदा मात्र बाराची घंटा आम्ही त्याच्याकडून मागून घेतो.