दळणांतला वनवास

पाथरी सोडून पहिल्यानें मुंबईस निघालों, तेव्हां मानवत रोड स्टेशनावर आगगाडीची वाट पाहतां पाहतां मीं मनाशीं म्हटलें, 'आपलाहि वनवास सुरू झाला!' तरुणपणीं असले शब्द फार स्वस्त असतात. पहिल्याच पत्रांत मीं तो शब्द आजीसाठीं मुद्दाम घातला. तिला वाचतां येत नसे. धाकट्या भावानें पत्र वाचून दाखविलें. उत्तरांत तिनें त्याच्याकडून एवढेंच लिहविलें : "तुझा वनवास रामाचा. मोजल्या वर्षांचा."

या वाक्यांतला टोमणा तेव्हांच समजला. दुःख समजावयास पुष्कळ वर्षें लागलीं.

आजी पहाटे जात्यावर बसे. तिच्या ओव्यांत राम वनांत गेलेला मला फारसा आठवत नाहीं. वनांत जाई ती सीता, आणि तीहि लंकेहून परत आल्यावर, गरोदर आणि एकटी. तिच्या उशाला धोंडा. बाळंतपणाला सुईण नाहीं. पाळण्याची दोरी ओढावयास सासरचें वा माहेरचें कोणी नाहीं. तिचें रडणें ऐकून बोरीबाभळीच बायका होऊन तिची समजूत घालावयास येतात! वाल्मीकीच्या तपोवनाचा थाट या दळणाऱ्या बायकांनीं बाजूला सारला आणि आपल्या बांधावरचें कांटेरी झाड तिच्याजवळ नेऊन उभें केलें. ही निवड मला पंडितांच्या पानोपान वनवर्णनापेक्षां अधिक धीट वाटते. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून ज्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यांतहि सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत. आणि गाणारणी बहुधा स्वतः घर सोडून आलेल्या.

घर सोडण्याची कथा पाथरीला नवी नाहीं. फिरिश्ता सांगतो कीं, येथील एक कुलकर्णी घराणें परागंदा होऊन विजयनगराकडे गेलें; त्यांतला एक मुलगा बहमनी फौजेच्या हातीं लागून मुसलमान झाला, आणि त्याच्याच मुलानें अहमदनगरची निजामशाही स्थापिली. पुढें बुऱ्हाण निजामशहानें वडिलांचें गांव म्हणून वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यांत दुसरा मुलूखहि देऊं केला. नकार येतांच 1518 सालीं ती लढून घेतली. पुरुषाला गांवाची ओढ लागली कीं तो असा फौज घेऊन निघतो. आजीजवळ जात्याचा खुंटा होता.

आजहि दिवाळीनंतर परभणी-बीडकडचीं कुटुंबें उसाच्या तोडीला निघतात. मुकादमाची उचल आधींच घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजली जाते. कडेवरचें मूल हिशेबांत धरीत नाहींत. त्यांच्या वनवासाला मुदत असते खरी, पण ती दरवर्षीं नव्यानें लागते.

आजीचें माहेर गोदेच्या पलीकडे, बैलगाडीनें एका दिवसाच्या वाटेवर होतें. तेराव्या वर्षीं ती नदी उतरून आली. आईबाप होते तोंवर दिवाळीला मूळ येई. पुढें भाऊ गेला, आणि ती वाट मोडली. मीं मात्र वर्षाला दोनदां तिकीट काढून पाथरीस येत होतों, आणि प्रत्येक खेपेस परकेपणाच्या गोष्टी तिलाच ऐकवीत होतों! त्या ऐकतांना तिला काय वाटत असेल, हें मला कधीं सुचलें नाहीं.

गांवांत पिठाची गिरणी आली आणि जातें कोपऱ्यांत सरलें. एका सुटींत मीं वही उघडून बसलों व म्हटलें, "आजी, सीतेच्या ओव्या सांग, लिहून घेतों." तिनें एक ओळ म्हटली, दुसरी चुकली. आठवेना. ती ओशाळली. मग मला म्हणाली, "जातं घे इकडं. समोर बैस. खुंट्याला हात लाव."

दळण नव्हतें. रिकामें जातें दोघांच्या हातांनीं गरगरूं लागलें, दगडावर दगड घासूं लागला, आणि तिला ओवी आठवली. एकामागून एक येऊं लागल्या. एक हात खुंट्यावर गुंतला होता. वही मिटून पडली होती.